इथेनॉलचा सहावा फायदा

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. जुने स्पार्क प्लग आणि किस्से. प्लगचा डबा मी दर दिवाळीला भंगारवाल्याला देऊन टाकते. किस्से कोण घेणार? घरी सांगायला लागले की मुलगी हेडफोन लावते आणि नवरा म्हणतो, "उल्का, तुझा किस्सा हसत सुरू होतो आणि रडत संपतो." खरंय त्याचं. मी मुळात रडकीच आहे. पण हे किस्सेही तसेच आहेत, त्याला मी काय करू?

ठाण्यात माजिवड्याला सर्व्हिस रोडच्या आतल्या बाजूला आमचं गॅरेज. तिथे काउंटरवर बसून मला बावीस वर्षं झाली. गाडी आली की काय बिघडलंय ते विचारून मी कार्ड लिहिते. मग ते कार्ड बबनदादांकडे जातं. बबन भोईर, बाळकूमचे, आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. लिफ्ट आली, स्कॅनर आला, तरी बबनदादा अजून जमिनीतल्या खड्ड्यात उतरून गाडी खालून बघतात. जुने मालक गेल्यापासून त्यांचा मुलगा भूषण सगळं बघतो. लहानपणी मला मावशी म्हणायचा. एमबीए केल्यावर मॅडम म्हणायला लागला.

आणि दर गुरुवारी येतात पेठे सर.

सर रसायनशास्त्राचे शिक्षक, रिटायर होऊन खूप वर्षं झाली. राहायला डोंबिवलीत, गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, आणि तिला हात लावणार फक्त बबन. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागलं तेव्हा सगळी गिऱ्हाइकं कुरकुरत होती आणि सर एकटे खूश होते. "उल्काताई, एका हाताची बोटं पुरतील इतके फायदे आहेत," म्हणाले आणि अंगठ्यापासून सुरू झाले.

"एक, इंजिन ठोकत नाही. दोन, पूर्ण जळतं, धूर कमी. तीन, परदेशातून तेवढं तेल कमी आणावं लागतं. चार, उसाची मळी, खराब झालेला तांदूळ, असलं वाया जाणारं कामाला येतं. पाच, शेतात पुन्हा उगवतं. तेलाची विहीर पुन्हा भरत नाही."

भूषण मोबाईलमध्ये डोकं घालून म्हणाला, "और एक बताओ ना सर, हाफ डझन होऊ दे."

"सहावा नाही," सर म्हणाले. "मला सापडलेला नाही. नसताना सांगणार नाही."

* * *

पहिला किस्सा टिटवाळ्याच्या गृहस्थांचा. नवी कोरी गाडी, अजून सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नाही. सकाळी सकाळी आले आणि म्हणाले, "टाकी रिकामी करून द्या."

मी विचारलं, पेट्रोलमध्ये काही गडबड आहे का?

"गडबड म्हणजे काय मॅडम, दारू आहे त्यात. मेहुण्याने काल सांगितलं. उद्या गणपतीला गाडी दाखवायला न्यायची आहे. दारू पोटात घेऊन देवळासमोर उभी करू?"

बबनदादा खड्ड्यातूनच म्हणाले, "बरोबर बोलताव. मी पन तेच सांगतो, गाडीला दारू पाजतान हे लोक." बबनदादांचा इथेनॉलला पहिल्या दिवसापासून विरोध. कार्ब्युरेटर गेले, आता पेट्रोलही बदललं, माणसाने शिकलेलं काय काय विसरायचं, असं त्यांचं म्हणणं.

सर कोपऱ्यात पेपर वाचत होते. चष्मा काढून त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "करोनात तुम्ही हाताला सॅनिटायझर लावत होतात ना?"

"लावत होतो की."

"आणि त्याच हाताने पूजा करत होतात?"

गृहस्थांनी आपले दोन्ही तळहात बघितले. म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं आम्ही..."

"देवाने काही तक्रार केली नाही," सर म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले.

टाकी तशीच ठेवून गृहस्थ गेले. पण जाताना चेहरा असा पडला होता की मला वाटलं, उगाच सांगितलं. दोन वर्षांची पूजा बिचाऱ्याच्या डोक्यात राहिली असणार.

* * *

कल्याणहून एकदा एक गाडी टोइंगवर आली. मालक तरुण, आयटीतला, डोळे लाल. गाडी पत्रीपुलावर बंद पडलेली, मागच्या सगळ्यांनी शिव्या घातलेल्या. शेजारी बायको, सात महिन्यांची गरोदर, चेकअपला निघालेली.

"पेट्रोलमध्ये पाणी आहे," तो म्हणाला. "पंपवाल्याने फसवलंय. मी टेस्ट केली."

सरांना टेस्ट हा शब्द ऐकू आला की राहवत नाही. उठून आले. "कशी केलीत?"

व्हिडिओत बघितलं होतं म्हणे. पेट्रोलमध्ये पाणी घालायचं, आणि थोड्या वेळाने खालचं पाणी वाढलेलं दिसलं की समजायचं, भेसळ आहे.

सर खुलले. "अहो, पाणी वाढत नाही. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं, म्हणून खालचा थर जाड दिसतो. ती भेसळ नाही, तेच इथेनॉल आहे. बाटली आणली आहे का? दाखवतो."

"बाटली?" तो म्हणाला.

"मग कशात घातलंत पाणी?"

त्याने गाडीकडे बघितलं. मग बायकोने त्याच्याकडे बघितलं. टाकीत घातलं होतं. दोन लिटर, फिल्टरचं.

बबनदादांना टाकी खाली उतरवायला सगळा दिवस गेला. ती मुलगी माझ्या शेजारी पाय वर घेऊन बसून होती. एकदाच बोलली. "काकू, हा बाळाचं पण सगळं व्हिडिओ बघूनच करणार आहे." मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार?

* * *

आता बबनदादांच्या नाकाबद्दल सांगायला हवं.

ठाण्यात एक काळ असा होता की लांबून लांबून लोक बबनदादांच्या नाकासाठी गाड्या घेऊन यायचे. प्लग काढायचा, नाकाशी धरायचा आणि बोलायचं. "रॉकेल हाय यात. पंप बदल." "ऑइल जळताय, रिंगा गेल्या." सायलेन्सरजवळ नाक नेऊन कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. जुने मालक म्हणायचे, माझ्याकडे दोन मशीनं आहेत, एक व्हील अलाइनमेंटचं आणि एक बबनचं नाक.

गेली काही वर्षं बबनदादा प्लग नाकाशी नेतच नव्हते. मी समजले, नव्या गाड्यांत काय वास घ्यायचा, सगळं स्कॅनर सांगतो.

मग इथेनॉल आलं. पहिल्याच आठवड्यात बबनदादा सगळ्यांसमोर म्हणाले, "या पेट्रोलला वासच नाय. मेलेलं पेट्रोल हाय."

सरांसमोर असलं चुकीचं बोलून चालत नाही. त्यांनी बाटलीत पेट्रोल घेतलं, झाकण उघडलं आणि थेट बबनदादांच्या नाकाखाली धरलं. "आहे की. चांगला सणसणीत वास आहे. वीस टक्क्यांनी वास जात नाही, बबन. वाटेल ते बोलू नकोस."

गॅरेजमधली पोरं हसली. भूषणसुद्धा हसला. बबनदादांनी बाटली बाजूला केली आणि खड्ड्यात उतरले. मला वाटलं, हरले म्हणून रागावले.

त्यानंतर महिन्याभराने जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि शेजारून असा वास आला की मी झाकण परत लावलं. बबनदादांच्या डब्यातली कोलंबीची आमटी. घरून निघायच्या घाईत आदल्या दिवशीचा डबा उचलून आणलेला, उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेला. आणि बबनदादा शांतपणे भाताशी कालवून खात होते.

"दादा, थांबा. नासलंय ते."

त्यांनी घास खाली ठेवला. डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि हळू आवाजात म्हणाले, "मना वास येत नाय, बाय. करोनात गेला, तो परत आलाच नाय. कुनाला बोलू नको. भूषण घरी पाठवील."

घरी काय आहे त्यांच्या? शेती होती तिथे टॉवर उभे आहेत. बायको देवाघरी गेली, मुलगा नाशिकला. "घरी बसलो तर भिंतीकडे बघत मरेन," असं एकदा गमतीत म्हणाले होते, तेव्हा ती मला गंमत वाटली होती. मी डबा धुऊन आणला. माझ्यातली पोळीभाजी त्यांना दिली. कुणाला काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून बबनदादा खड्ड्यात उतरले की माझं लक्ष कार्डावर कमी आणि स्वतःच्या नाकावर जास्त.

* * *

सर गुरुवारीच का येतात ते राहिलं.

नलिनीकाकूंना, म्हणजे सरांच्या मिसेसना, फुप्फुसाचा त्रास होता. इथल्याच एका दवाखान्यात दर गुरुवारी त्यांना श्वासाचे व्यायाम करायला आणायचे. घर एमआयडीसीच्या कडेला. हवा जड झाली की खिडक्या लावून बसायचं, इतकाच उपाय. सरांना इथेनॉलचं इतकं कौतुक का, ते मला तेव्हा कळलं. दुसरं बोट धरून म्हणायचे, "धूर कमी, उल्काताई. हा फायदा माझ्या घरचा आहे." इतक्या उशिरा त्याचा काकूंना काय उपयोग होणार होता, हे त्यांनाही कळत असणारच.

त्यांचे व्यायाम चालू असताना सर एकटेच आमच्याकडे येऊन बसायचे, आणि परत जाताना दोघं गॅरेजमध्ये थांबायची. आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीत काकूंची पाठ दुखायची, म्हणून सर डिकीतून त्यांची घडीची खुर्ची काढायचे. हिरव्या कापडाची, पाठीला उशी शिवलेली. काकू नाकात नळी घालून त्यात बसायच्या आणि बबनदादांशी सुकटीच्या चटणीबद्दल बोलायच्या. ब्राह्मणाची बाई, कधी खाल्ली नसणार, पण कृती अख्खी विचारून घेतली.

काकू गेल्या. तेराव्याला मी आणि बबनदादा डोंबिवलीला गेलो. तिथे सरांचे कुणी साडू, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आता काय, तुमची गाडी उसाच्या रसावर चालणार." सरांचे डोळे सुजलेले, आवाज बसलेला. तरी म्हणाले, "रस नाही. मळी. साखर काढून उरते ती. आणि वीसच टक्के." मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. बायकोच्या तेराव्यालाही या माणसाला चुकीचं वाक्य सोडवत नाही.

नंतर मला ताट देताना सर एक वाक्य बोलले ते विसरता येत नाही. "तिला शेवटची तीन-चार वर्षं कसलाच वास येत नव्हता. मला कधी सांगितलं नाही. एक दिवस तिच्या समोर दूध करपून काळं झालं आणि ती शेजारी भाजी निवडत बसलेली, तेव्हा कळलं. एका घरात राहून मला कळू नये? कसला मी शिक्षक."

काकू गेल्यावरही सर गुरुवारी येत राहिले. खुर्ची डिकीतच असते. काढत नाहीत.

* * *

मध्यंतरी सरांचीच गाडी बंद पडली. बबनदादा वर्षभर सांगत होते, जुन्या रबराच्या नळ्या या पेट्रोलने फुगतील, बदलून घ्या. सर ऐकत नव्हते. शेवटी नळी फुगून मऊ झाली आणि गाडी कापूरबावडीच्या सिग्नलला बसली.

आम्हाला वाटलं, सर आता काहीतरी कारण सांगतील. सर फुगलेली नळी हातात घेऊन भूषणच्या केबिनपर्यंत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बबनचं बरोबर होतं. जुन्या गाडीला त्रास होतो, मायलेजही थोडं कमी होतं. फायदे सांगायचे आणि हे लपवायचं, ही जाहिरात झाली. मी जाहिरात करत नाही."

तेव्हापासून भूषण प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "सर बोलले ना, मग मॅटर क्लोज. सर झूठ नहीं बोलते."

* * *

आता शेवटचा. गुरुवारच होता.

एक सेडान आली होती, पेट्रोल लवकर संपतं अशी तक्रार. बबनदादा खड्ड्यात. मी कार्ड लिहीत होते आणि एकदम नाकात वास गेला. भक्क. मी उठून बघितलं तर खड्ड्याच्या काठावर ओलं पसरलेलं, वरून थेंब थेंब गळतंय, थेट बबनदादांच्या खांद्यावर. त्यांचा एक हात वायरीच्या दिव्याकडे निघालेला.

"दादा, दिवा लावू नका!"

भूषण केबिनमधून धावत आला. पोरांनी वाळूच्या बादल्या ओतल्या, गाडी ढकलून बाहेर काढली. काही झालं नाही. बबनदादा वर आले तेव्हा शर्ट पेट्रोलने भिजलेला होता.

भूषण ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "काका, अंगावर गळत होतं. तुम्हाला वास नाही आला?"

"या नव्या पेट्रोलला वासच नाय रं," बबनदादा म्हणाले.

"काका, प्लीज. तुम्ही मला खांद्यावर घेऊन फिरवलंय, मला पण हे बोलायला आवडत नाही. पण वास येत नसेल तर तुम्हाला मी खड्ड्यात उतरवू शकत नाही. उद्या काही झालं तर मी तुमच्या मुलाला काय सांगू?" मग तो सरांकडे वळला. "सर, तुम्ही सांगा. या पेट्रोलचा वास कमी येतो का? तुम्ही बोलाल ते फायनल. येत असेल तर काका उद्यापासून घरी."

सर काय बोलणार ते मला ठाऊक होतं. तीच बाटली, तेच सणसणीत.

सर वाकले. ओल्या वाळूची चिमूट उचलून नाकाशी नेली. वास इतका होता की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रुमालाने डोळे पुसले, आणि बबनदादांना विचारलं, "बबन, सकाळचा चहा छान होता. काय घातलं होतं रे, गवती चहा?"

"हो," बबनदादा म्हणाले. "गवती चहा."

चहा मी केला होता. वेलचीचा. सर दोन कप प्यायले होते. भूषण आमचा चहा पीत नाही, त्याचं कॉफीचं वेगळं मशीन आहे.

सरांनी बबनदादांकडे बघितलं. मग रुमालाची घडी घातली.

"भूषण," ते म्हणाले, "इथेनॉल मिसळलं की पेट्रोलचा वास कमी होतो. जवळ असणाऱ्याला तर जवळजवळ येतच नाही. शास्त्रीय गोष्ट आहे."

"मग मला कसा आला सर? मॅडमना काउंटरवर कसा आला?"

"तुम्ही लांब होतात, म्हणून आला. आणि उल्काताईंचं नाक तिखट आहे." त्यांनी हात वर केला, पाच बोटं मिटली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा काढला. "फायदा नंबर सहा. वास कमी. लिहून ठेव."

भूषण त्यांच्याकडे बघत राहिला. मग बबनदादांना म्हणाला, "काका, शर्ट बदला," आणि केबिनमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी सर कधीच येत नाहीत. साडेनऊला त्यांची गाडी दारात उभी. डिकी उघडून त्यांनी हिरवी खुर्ची काढली, झटकली आणि खड्ड्याच्या अगदी काठाशी मांडली.

"सर, आज गुरुवार नाही," भूषण म्हणाला.

"माहीत आहे मला," सर म्हणाले आणि बसले.

बबनदादा पाना हातात घेऊन आले. खुर्ची बघून थांबले. सरांनी पेपरची घडी मांडीवर ठेवली, मान वर केली, डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक.

"काही नाही," ते म्हणाले. "उतर खाली."